बावीस माणसं, तीन दिवस आणि गोडाचं खातं माझ्याकडे

चिमूटभर_मीठ (धागाकर्ती) | मंगळवार, रात्री १०:१५

मंडळी, मदत हवी आहे. येत्या नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारपासून सासर-माहेर मिळून बावीस जण सुट्टीसाठी आमच्याकडे तीन दिवस राहायला येताहेत. बाकीचं जेवणखाण वाटून घेतलंय, गोडाचं खातं मी हौसेने अंगावर घेतलं. उत्साहाच्या भरात यादीही करून टाकली: चॉकलेट केक, ब्राउनी, कुकीज, फज, कस्टर्ड ट्रायफल, जेली, आइस्क्रीम. आता रात्री झोप लागत नाही.

मागच्या वेळी पाच पदार्थ ठरवले होते. आदल्या रात्री एक वाजता केकवर क्रीम लावत होते. केक आतून अजून कोमट होता, क्रीम वितळून कडेने ओघळलं आणि मी ओट्याला टेकून रडले. नवऱ्याने ते चमच्याने निपटून खाल्लं आणि म्हणाला, "चव मस्त आहे गं." तेव्हा जास्तच रडू आलं.

तर परिस्थिती अशी. ओव्हन लहान, एका वेळी एकच ट्रे, त्यात आठ कुकीज. फ्रीझरचा एक खण रिकामा करता येईल. नोकरी शुक्रवार दुपारपर्यंत. येणाऱ्यांत एक दहा महिन्यांचं बाळ, जाऊबाई अंडं खात नाहीत, भाचीला शेंगदाणे आणि सुका मेवा दोन्हींची ॲलर्जी, आणि एक्याऐंशी वर्षांचे काकासासरे, ज्यांचे दात कवळीचे आणि जीभ अठराची. काय ठेवू, काय उडवू?

भांडेकुंडे | मंगळवार, रात्री १०:५२

सातातले चार उडवा. कुठले ते नंतर बघू.

माझा ठोकताळा सांगते. एक पदार्थ फ्रीझरमधला, एक फ्रिजमधला आणि एक बाहेर डब्यात राहणारा. जागेची मारामारी होत नाही आणि तिन्ही आधी करून ठेवता येतात. ज्या पदार्थाला वाढायच्या आधीच्या दोन तासांत तुमचा हात लागतो तो बाद. त्या दोन तासांत तुम्ही दार उघडणार, चादरी शोधणार आणि कुणाचा चार्जर कुठे आहे ते सांगणार.

अंदाजाचं म्हणाल तर २० सेंटिमीटरच्या चौकोनी टिनात पाच बाय पाच कापलं की ४ सेंटिमीटरचे पंचवीस तुकडे होतात. तीन प्रकार असतील तर माणशी प्रत्येकाचा एक, फार तर दोन. गोडाच्या बाबतीत आपण सगळेच दुप्पट करतो आणि मग पुढचा आठवडाभर घरचे दोघं बिचारे संपवत बसतात.

रविवारची_डुलकी | मंगळवार, रात्री ११:०५

त्या बिचाऱ्या दोघांतला एक मी. तक्रार नाही. वाचनखूण साठवली आहे.

ओव्हनवाली | बुधवार, सकाळी ७:३०

केक आणि ब्राउनी सोडा, कुकीज ठेवा. पण भाजून ठेवू नका, कच्च्या ठेवा. कुकीचं पीठ फ्रीझरमध्ये महिना-दोन महिने सहज टिकतं. गोळे करून ट्रेवर सुटे गोठवायचे, दगडासारखे झाले की पिशवीत भरायचे. पाहुणे बसले की आठ काढा, भाजा, वाढा, पुन्हा आठ. लहान ओव्हन ही इथे अडचण नाहीच. उलट दर पंधरा मिनिटांनी घरभर वास सुटतो आणि लोक स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहतात.

माझं प्रमाण: लोणी २२५ ग्रॅम, ब्राउन शुगर २००, साधी साखर १००, अंडी २, मैदा ३००, बेकिंग सोडा १ छोटा चमचा, मीठ अर्धा चमचा, चॉकलेटचे तुकडे ३००. तीस-तीस ग्रॅमचे चाळीस गोळे होतात. १८० अंशांवर १० ते १२ मिनिटं, थेट फ्रीझरमधून टाकलेत तर दोन मिनिटं जास्त. कडा रंगल्या आणि मधला भाग अजून कच्चा वाटतोय, तेव्हाच बाहेर काढा. गरम ट्रेवर तो शिजत राहतो. "अजून एक मिनिट ठेवू" म्हणणाऱ्यांच्या कुकीज दुसऱ्या दिवशी दारात अडसर म्हणून चालतात.

लोणी मऊ म्हणजे बोट दाबलं तर खळगा पडेल इतकंच. चकाकायला लागलं म्हणजे जास्त झालं. त्याच्या कुकीज ओव्हनमध्ये पसरतात आणि आठांची मिळून एकच पोळी होते. कपाने मोजू नका, काटा घ्या. तोच कप सैल भरला तर मैदा १२० ग्रॅम येतो, दाबून भरला तर १५० वर जातो.

आणि जाऊबाईंसाठी वेगळं काही करू नका. शॉर्टब्रेड करा, म्हणजे लोण्याची खुसखुशीत बिस्किटं. त्यात अंडं मुळातच नाही, सोडा नाही, पावडर नाही. वजनाने साखर एक, लोणी दोन, मैदा तीन. एवढंच. बावीस जणांना साखर २००, लोणी ४००, मैदा ६००. त्यातला १०० ग्रॅम मैदा काढून तांदळाचं पीठ घातलंत तर छान रवाळ खुसखुशीतपणा येतो. दोन टिनांत दाबून बसवा, काट्याने टोचे मारा, १६० अंशांवर फिकट सोनेरी होईपर्यंत, साधारण पाऊण तास. गरम असतानाच कापा, गार झाल्यावर भुगा होईल. घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर काही होत नाही. कवळीलाही चालतं, विरघळतं.

चिमूटभर_मीठ | बुधवार, दुपारी १:१०

ओव्हनवाली, तुमचे पाय कुठे आहेत? शॉर्टब्रेड पक्कं, कुकीज पक्क्या. आइस्क्रीमही ठेवते, मशीन नाही पण. आणि फज ठेवायचंच आहे, माझ्या आईची आठवण आहे ती. कंडेन्स्ड मिल्कचं सोपं करू की खरं?

(भांडेकुंडे, चार झाले. रागावू नका.)

भांडेकुंडे | बुधवार, दुपारी १:१४

रागावले नाही. नोंद केली.

पाकातला_मास्तर | बुधवार, रात्री ९:२०

फज म्हटलं की मला बोलावलंच पाहिजे असा नियम करा.

कंडेन्स्ड मिल्कवालं आधी निकालात काढतो. ४०० ग्रॅमचा डबा, ४०० ग्रॅम डार्क चॉकलेट, ३० ग्रॅम लोणी. मंद आचेवर एकजीव करायचं, टिनात ओतायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं. बिघडायला जागाच नाही, कारण त्याला घट्ट करणारं चॉकलेट असतं. चवीला चांगलं. पण ते फज नाही. घट्ट झालेलं चॉकलेट सॉस आहे.

खरं फज म्हणजे पाक. साखर ६०० ग्रॅम, कोको ६० ग्रॅम, चिमूटभर मीठ, सायीसकट दूध ३५० मिली. चार लिटरचं जाड बुडाचं पातेलं घ्या. मोठं का म्हणून विचारू नका, उतू गेल्यावर कळेल. मध्यम आचेवर साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा, उकळी आली की चमचा बाहेर. आता गोळीबंद पाकापर्यंत, म्हणजे ११४ अंशांपर्यंत जाऊ द्या. पातेलं उतरवा. ६० ग्रॅम लोणी आणि व्हॅनिला वरून घाला, ढवळू नका. पातेल्याला हात न लावता ४५ अंशांपर्यंत गार होऊ द्या. तास-दीड तास जातो. मग लाकडी चमच्याने घोटा.

हे "हात लावू नका" प्रकरण कशासाठी, ते सांगतो, म्हणजे मोह होणार नाही. ११४ला त्या पाकात जेवढी साखर विरघळलेली असते तेवढी गार पाकात मावत नाही. तिला बाहेर पडून खडा व्हायचंच असतं, ती फक्त निमित्त शोधत असते. पाक गरम असताना ढवळलंत, किंवा कडेला चिकटलेला साखरेचा एखादा कण आत पडला, की त्याच्याभोवती थोडेच पण मोठे खडे वाढतात. जिभेला वाळू लागते. पाक ४५पर्यंत शांत गार झाला आणि मग घोटला, तर एकाच वेळी असंख्य बारीक कण तयार होतात. इतके बारीक की जिभेला ते कण म्हणून कळतच नाहीत. तोच मऊपणा.

घोटण्याबद्दल. पहिली पाच मिनिटं काहीच घडत नाही. चकचकीत, जड, तपकिरी सॉस, आणि तुमचा दंड भरून येतो. आपलं चुकलं असं वाटायला लागतं. मग चमच्यामागे उठणारी घडी जरा जास्त वेळ टिकते. मग एका क्षणी, आरशावर श्वास सोडावा तशी चकाकी मावळते. बस. तिथून तुमच्याकडे अर्धा मिनिट आहे. टिन आधीच लोणी लावून शेजारी हवा. फोन वाजला तर वाजू द्या. मी एकदा उचलला होता. फज पातेल्यातच बसलं आणि आम्ही ते छिन्नीने नाही पण जवळपास तसंच काढलं.

थर्मामीटर घ्याच. वापरण्याआधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा. ९८ दाखवला तर सगळ्या आकड्यांतून दोन वजा करायचे. ११४च्या जागी ११२. उंचावर राहत असाल तरी हीच युक्ती चालते, कारण दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. टोक पातेल्याच्या बुडाला टेकू देऊ नका.

ताईची_वही | बुधवार, रात्री १०:०२

मास्तर, थर्मामीटर नव्हते तेव्हा लोक फज करत नव्हते का? वाटीत गार पाणी घ्यावं, पाकाचा थेंब टाकावा, बोटांनी गोळा करावा. पाण्यात गोळा होतो आणि बाहेर काढल्यावर बोटावर सपाट बसतो, तो गोळीबंद. टणक राहिला तर पुढे गेला. आमच्याकडे तीन पिढ्या हेच चाललंय.

पाकातला_मास्तर | बुधवार, रात्री १०:१५

ताई, मान्य. तुमचं बोट हा तीन पिढ्या जुळवलेला थर्मामीटर आहे. धागाकर्तीचं बोट अजून कोरं आहे. आणि थेंब टाकून बघेपर्यंत पातेलं आचेवरून उतरवावं लागतं, नाहीतर तपासणी होईपर्यंत पाक पुढे निघून जातो. नवीन माणूस हे नेमकं विसरतो.

ताईची_वही | बुधवार, रात्री १०:१९

उतरवायचं हे सांगायचं राहिलं खरं. आम्ही न सांगताच उतरवतो.

थंडगार | गुरुवार, सकाळी ११:४०

आइस्क्रीमला मशीन नको. ६०० मिली व्हिपिंग क्रीम, ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, व्हॅनिला, चिमूट मीठ. क्रीम फेटून मऊ शिखरं आली, म्हणजे फेटणी उचलल्यावर क्रीमची टोकं उभी राहून जराशी वाकली, की त्यात बाकीचं हलक्या हाताने मिसळा, डब्यात भरा, रात्रभर गोठवा. अंडं नाही. फेटून भरलेली हवा आणि साखर, दोन्ही मिळून बर्फाचे खडे होऊ देत नाहीत.

दोनच गोष्टी सांभाळा. क्रीमच्या खोक्यावर फॅटचा आकडा बघा, निदान ३० टक्के हवं. २५वालं कितीही फेटा, चेहऱ्यावर उडेल पण उभं राहणार नाही. आणि क्रीम, भांडं, फेटणी सगळं थंड ठेवा. शिखरं आल्यावर थांबा. पुढे गेलात तर लोणी निघतं. निघालं तर शॉर्टब्रेडला वापरा.

मिश्रण चाखल्यावर गोडमिट्ट लागेल, घाबरू नका. थंडीत जिभेला गोड कमी कळतं.

काडीपेटी | गुरुवार, दुपारी ३:०५

काडी टाकतो आणि पळतो. हे सगळं बाहेरून आणता येतं. तीन दिवस माणसं भेटणार, त्यांच्याशी बोलायचं सोडून पाक घोटत बसायचं? आणि गोडाचं खातं "हौसेने अंगावर घेतलं" ही वाक्यरचना मी आमच्या घरातल्या बायकांकडूनच का ऐकतो?

भांडेकुंडे | गुरुवार, दुपारी ३:३०

पळू नका, थांबा, कारण दुसरं वाक्य बरोबर आहे. पहिलं नाही. बाहेरून आणलं तर आणणं, मोजणं, कुणाला काय चालत नाही ते लक्षात ठेवणं हे खातं तिच्याकडेच राहतं. फक्त घोटणं जातं. मी तर उलट करीन. लक्षात ठेवायचं काम वाटून द्या आणि घोटायला एखादा दणकट दीर किंवा भाऊ बसवा.

चिमूटभर_मीठ | गुरुवार, रात्री ८:४५

हौस खरीच आहे हो. पण दीर आहे, आणि तो जिमला जातो. विचार करते.

लेबलवाचक | शुक्रवार, सकाळी ९:१२

भाचीबद्दल लिहायला आले. माझ्या मुलीलाही तीच ॲलर्जी आहे.

"तिच्यासाठी वेगळी ताटली काढून ठेवली आहे" हे प्रेमानेच केलेलं असतं. पण सुरी एकच असते, चमचा एकच असतो, आणि कुणीतरी बदाम कापलेल्या पाटीवरच तिचा तुकडा कापतं. एका घरी आम्हाला सांगितलं, "अगं, काढून टाकलेत बदाम, आता खाऊ दे की." पोर माझ्याकडे बघत होती. तेव्हापासून ती पार्टीला जाताना स्वतःच डबा घेते आणि आधीच सांगते, मला भूक नाही.

म्हणून जमलं तर सगळाच गोडाचा घाट शेंगदाणे-सुक्यामेव्याशिवाय करा. तुमची यादी तशीही तिथेच आहे. फक्त चॉकलेट, कोको, कंडेन्स्ड मिल्क सगळ्यांची वेष्टनं वाचा. "अंश असू शकतो" असं लिहिलेलं चॉकलेटही तिच्यासाठी नको. वेष्टनं फेकू नका, तिच्या आईला दाखवा. ती विचारायला संकोचत असेल. आणि ज्याला बदाम घालायचेच आहेत त्याला शेवटच्या दिवशी, ते लोक निघाल्यावर घालू द्या.

बाळाचं: वर्षाच्या आत मध अजिबात नको, चाटवायलाही नाही, भाजलेल्या पदार्थातलाही नाही. त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या पोटाला ते झेपत नाहीत. त्याला केळं कुस्करून द्या, ते खूश. मोठ्या मुलांना कुकीचं कच्चं पीठ चाटू देऊ नका. लोकांना कच्च्या अंड्याची भीती माहीत असते, पण कच्च्या मैद्यातूनही जंतू जातात. दुधाचं, क्रीमचं काहीही टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त नको, उकाडा असेल तर एकच तास.

चिमूटभर_मीठ | शुक्रवार, सकाळी ९:४०

लेबलवाचक, वाचून गलबलले. सगळंच बिनमेव्याचं करते. नणंदेला आजच फोन करते.

पोटोबा | शुक्रवार, दुपारी १२:२०

यादीत जेली होती, ती उडालेली दिसते. उडू दे. मी एकदा ताजा अननस घालून सोळा वाट्या जेली केली होती. सकाळी बघतो तर सोळा वाट्या सरबत. पुन्हा जिलेटिन घातलं, पुन्हा सरबत. नंतर कळलं की अननसातलं एन्झाइम जिलेटिनच तोडून टाकतं. पपई, किवी हेही तसेच. फळ आधी शिजवलं किंवा डब्यातलं घेतलं तर चालतं, कारण उष्णतेने ते एन्झाइम मरतं. त्या दिवशी पाहुण्यांना सांगितलं की हे पेय आहे. एकाने कृती मागितली.

चाळणी | शुक्रवार, दुपारी २:००

ट्रायफल उडालं याचं मला वाईट वाटतंय. जाऊबाईंसाठी कस्टर्ड पावडर होतीच की. अवांतर: ती पावडर जन्मली तीच अशा घरगुती कारणाने. आल्फ्रेड बर्ड या इंग्रज रसायनज्ञाच्या बायकोला अंडं चालत नव्हतं, म्हणून त्याने १८३७ मध्ये मक्याच्या स्टार्चवर बिनअंड्याचं कस्टर्ड काढलं. तिला यीस्टही सोसत नव्हतं, म्हणून १८४३ मध्ये बेकिंग पावडर. एका माणसाने बायकोच्या पथ्यापायी अर्धं बेकिंगचं कपाट भरलं.

काडीपेटी | शुक्रवार, दुपारी २:०६

बघा, पुरुषही करतात.

भांडेकुंडे | शुक्रवार, दुपारी २:०७

१८४३ नंतरचं उदाहरण द्या.

चिमूटभर_मीठ | रविवार, रात्री ९:५५

मास्तर!! वाचवा. आज रंगीत तालीम म्हणून फज केलं. ११४ झाले, उतरवलं, लोणी घातलं, हात लावला नाही. मी अंघोळीला गेले तर नवऱ्याने "साय येतेय वाटतं" म्हणून प्रेमाने ढवळून ठेवलं. नंतर घोटलं, घट्ट झालं, पण दाताखाली करकर वाळू. टाकून देऊ?

पाकातला_मास्तर | रविवार, रात्री १०:०८

साखर कधीच टाकायची नसते, ती पुन्हा विरघळते. सगळं फोडून त्याच पातेल्यात घाला, कपभर पाणी घाला, मंद आचेवर एकही कण न उरेपर्यंत विरघळू द्या. कडेला चिकटलेले कण ओल्या ब्रशने आत लोटा, किंवा पाच मिनिटं झाकण ठेवा, वाफेने आपोआप धुतले जातील. मग पुन्हा ११४. आता दुधाचं आधीच एकदा शिजून झालंय, बूड लागायची शक्यता जास्त, म्हणून आच कमी. पुढच्या वेळी नुसता चमचाभर ग्लुकोज सिरप सुरुवातीला घाला. तो खडे धरू देत नाही, चूक पोटात घालतो.

आणि पातेल्यावर चिठ्ठी लावा.

चिमूटभर_मीठ | रविवार, रात्री ११:५०

झालं! चकाकी मावळताना दिसली. तुम्ही लिहिलं होतं तसंच, आरशावर श्वास. नवऱ्यालाच घोटायला लावलं, शिक्षा म्हणून. थोडं ताठ झालंय पण वाळू नाही. चिठ्ठीवर लिहिलंय: "साय येऊ दे."

दोन_थेंब | सोमवार, सकाळी ८:३०

मीही एक विचारून घेते. काल चॉकलेट वितळवताना वाफेचं पाणी पडलं आणि सगळं मातीच्या ढेकळासारखं झालं. असं का?

ओव्हनवाली | सोमवार, सकाळी ८:४४

दोन थेंब पाणी कोरड्या कोकोला आणि साखरेला चिकटवून गोळा करतं. उपाय उलटा आहे: अजून गरम पाणी किंवा क्रीम चमच्या-चमच्याने घाला आणि ढवळा. भरपूर ओलावा मिळाला की पुन्हा गुळगुळीत होतं. साच्यात घालायला ते आता चालणार नाही, पण आइस्क्रीमवर ओतायला फर्स्ट क्लास.

चिमूटभर_मीठ | पुढचा सोमवार, रात्री १०:३०

माणसं गेली. घर विचित्र शांत आहे. वृत्तांत द्यायचा शब्द होता.

बुधवारी शॉर्टब्रेड, गुरुवारी रात्री आइस्क्रीम, फज आणि कुकीचे गोळे आधीच. शुक्रवारी दुपारी पहिली गाडी आली तेव्हा मी चक्क खुर्चीत बसले होते. सासूबाई म्हणाल्या, "बरी आहेस ना?"

कुकीज पहिल्या रात्री चोवीस गेल्या. आठाच्या घाण्याने लोक रांगेत उभे होते, आणि ओव्हनवाली, तुम्ही म्हणालात तसं सगळ्या गप्पा तिथेच झाल्या. दोन भाऊजी, जे मागच्या वेळेपासून एकमेकांशी नीट बोलत नव्हते, ते तिसऱ्या ट्रेची वाट बघत शेजारी उभे होते. बोलले फक्त ओव्हनबद्दल. मी त्यात नाक खुपसलं नाही.

आइस्क्रीम दुसऱ्या दिवशी कमी पडलं. थंडगार, दुप्पट करायला हवं होतं. शॉर्टब्रेड मात्र निम्मं उरलं, भांडेकुंडे बरोबर होत्या.

भाचीचं सांगते. नणंदेला सगळी वेष्टनं एका पिशवीत घालून दिली. तिने एकेक वाचलं, दोनदा वाचलं, मग पिशवी घडी करून ठेवली. पोरगी टेबलाजवळ आली आणि सवयीने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "सगळं." पोरीने विचारलं, "म्हणजे कुठलं?" "सगळंच गं." तिने प्रत्येकाचं एकेक उचललं आणि जिन्यात जाऊन बसली. लेबलवाचक, हे तुमच्यासाठी.

फज दिराने घोटलं. शनिवारी दुसरा घाणा करायला घेतला कारण पहिला संपला होता. सहा मिनिटांत म्हणाला, वहिनी, हे जिमपेक्षा वाईट आहे.

लेबलवाचक | पुढचा सोमवार, रात्री १०:४१

लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, जिना चांगली जागा आहे.

पाकातला_मास्तर | पुढचा सोमवार, रात्री १०:५८

दुसरा घाणा कितीला उतरवला? पहिल्याला ताठ म्हणाला होतात, एक अंश अलीकडे थांबायचं होतं.

चिमूटभर_मीठ | पुढचा सोमवार, रात्री ११:१०

तेच सांगायचं राहिलं. दुसरा घाणा ताईंच्या पद्धतीने केला, वाटीत थेंब टाकून. पातेलं उतरवून! कारण थर्मामीटर नव्हता. शुक्रवारी काकासासऱ्यांनी ओट्यावर तो पाहिला, हे काय म्हणून विचारलं आणि चहाच्या कपात बुडवून बघितला. तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. त्यांचं म्हणणं, चहा ६२ला प्यावा, त्याच्या वर जीभ भाजते आणि खाली तो चहा राहत नाही. तीन दिवस कुणाचाही कप आला की आधी त्यांच्याकडे जायचा. निघताना खिशातून डोकावत होता, मी बघितला, त्यांनीही मी बघताना बघितलं. मागायचा धीर झाला नाही.

मास्तर, तुमच्याकडे जादाचा आहे का?

पाकातला_मास्तर | पुढचा सोमवार, रात्री ११:१४

आहे एक. दोन अंश कमी दाखवतो.